वहिनीची चौकशी

मी एकदा एका बाईला नापास केलं. कारण एवढंच, की ती ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणायची. परीक्षा माझी नव्हती, मला कुणी परीक्षक नेमलं नव्हतं — तरी केलं. आणि ती बाई कुणी परकी नव्हती. माझ्या सख्ख्या भावाची बायको होती.

हे घरात कुणाला ठाऊक नाही. आमच्या ह्यांना सांगितलं नाही, आणि ते तर आता वर गेले — तिथं त्यांना कुणी सांगितलं असेल तर मला माहीत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. नातीला माझ्या बाकीच्या सगळ्या लबाड्या माहीत आहेत. रक्तातली साखर तपासून आल्याबरोबर बेसनाचे लाडू कोण खातं, तेसुद्धा. पण ही एक नाही. एका माणसाला मात्र नुकतंच सांगून आले. ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल, आणि मला आज सगळं सांगायचंय.

सरळ सांगू? नाही जमायचं. आमच्या जावळीतले रस्ते जसे डोंगराला वळसे घालत खाली उतरतात, तशीच ही गोष्ट येते.

आधी तेव्हाची मी कशी होते ते ऐका. सांगलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायची. इस्त्रीची कॉटनची साडी, मनगटावर घड्याळ, आणि नाक — नाक नेहमी जरा वरच. कुणी काय बोललं यापेक्षा कसं बोललं याकडे कान. फुलवाल्याला दुरुस्त केलं. रिक्षावाल्याला दुरुस्त केलं, तर त्यानं मीटरपेक्षा जास्त घेतले आणि मला भांडायचं सुचलंही नाही, कारण मी त्याचं ‘व्हय’ सुधारण्यात गुंतले होते. सासूबाई देवापुढे स्तोत्र म्हणायच्या, तर त्यातले उच्चार मी स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. देवानं त्यांचं वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं. मला चालत नव्हतं.

सासूबाई भल्या. त्या उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमची सून बोलायला लागली की रेडिओ लावल्यासारखं वाटतं. मला पसंत केली तीसुद्धा त्यावरच, असं त्या म्हणायच्या. मी मान खाली घालून लाजायची आणि मनात म्हणायची — मग, बरोबरच आहे की.

आणि मत? मत मी कसं द्यायची, विचारा. उमेदवाराची कामं कोण बघतंय, मी क्रियापदं तपासायची. आमच्या वॉर्डात एक गृहस्थ उभे राहिले होते. ‘मी आपणांस आश्वस्त करतो’ असं म्हणायचे. ‘आश्वस्त’ — आहा. मी दोनदा मत दिलं त्यांना. पुढं कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसलो, आणि पाणी उतरल्यावर ते गृहस्थ आले. चिखलात उभं राहून ‘दुर्दैवी’ हा शब्द इतका सुंदर बोलले, की काय सांगू. ‘र्दै’ असा ठळक. त्यानंतर चिखल आम्हीच काढला.

हसताय ना? हसा. मीही हसते आता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे हसणं पुरं होत नाही — ही शुद्ध बोलणारी बाई मूळची कुठली होती?

मेढ्याच्या पलीकडची. डोंगरातल्या एका वाडीची. वडील फौजेत, आई शेतात, आणि आमच्या घरात आमी, तुमी, हाय, न्हाई, कवा, तवा — हेच. दहाव्या वर्षी मला वाईला मामांकडे शिकायला ठेवलं. पहिल्याच दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, डबा आणलास का? मी म्हणाले, ‘व्हय, आनलाय की.’ सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी घाटावर, पायऱ्यांच्या टोकाला एकटी बसून घोकायची — आहे. नाही. केव्हा. तेव्हा. आणलाय. लोकांना वाटायचं मुलगी स्तोत्र पाठ करते.

मग मी ती भाषा पुसली. इतकी स्वच्छ पुसली की लग्नानंतर सांगलीत कुणी विचारलं, माहेर कुठलं, तर मी ‘वाई’ म्हणायची. खोटं होतं का? शिकले तर वाईतच ना. असं मी स्वतःला सांगायची. फक्त ठेच लागली, की तोंडातून ‘आय गंऽ’ निघायचं आणि मी इकडंतिकडं बघायची, कुणी ऐकलं तर नाही.

आता वहिनी.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. सुट्टीला घरी गेले, की भाकरी थापायची वेळ आली रे आली, माझं डोकं दुखायचं. वहिनी काही बोलायची नाही. माझ्या वाटणीच्या भाकरी थापायची, माझ्या वाटणीचं पाणी आणायची, आणि आईनं विचारलं तर म्हणायची, ‘वन्संनी केल्या की.’ माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी मला वन्सं आणि तुमी. चौथी शिकलेली. मिश्रीची डबी कमरेला. बोलायला लागली की आवाज ओढ्यापलीकडं जायचा, आणि तिचा जो स्वभाव — तिच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली, की ती उठायची नाही. ना गोष्ट, ना वहिनी.

त्या काळात तिच्या मनात साकव बसला होता. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, माणसांपुरता. आमची वाडी ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. जावळीतला पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, तो येतो आणि मुक्काम करतो. ओढा फुगला की वाडीची मुलं घरी. मुलगे तरी कसेबसे दोरी धरून जायचे. मुलींना कोण पाठवणार? चौथी-सातवी झाली की एकेक मुलगी घरी बसायची. वहिनी दर सोमवारी मेढ्याच्या बाजाराला गेली की पंचायत समितीच्या ऑफिसात जाऊन बसायची. कुणी विचारलं नाही तरी बसायची. शिपाई तिला चहा द्यायला लागले होते.

आणि मग आमच्या गणातली — म्हणजे आसपासच्या गावांच्या मतदारसंघातली — पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव झाली.

इथं जरा थांबते. पाणी पिते.

आमच्याकडं सोयरीक कशी ठरवतात ठाऊक आहे ना? मुलगी कशी आहे हे आईबापाला विचारत नाहीत. ते चांगलंच सांगणार. घरातल्याच कुणाला तरी — एखाद्या चुलतीला, भावजयीला, मावशीला — बाजूला घेऊन हळूच विचारतात. त्या माणसानं नुसतं ‘चांगली आहे’ म्हटलं तर सुपारी फुटते. आणि ‘चांगली आहे, पण —’ असं म्हटलं, तर पाहुणे पुढचं ऐकतच नाहीत. चहा संपवतात, टोपी नीट करतात, आणि उठतात. कुणाचं नाव निघत नाही, भांडण होत नाही. मुलीला कधी कळत नाही की आपलं कुणी मोडलं.

गावात उमेदवार ठरवायचीही तीच रीत. गणातल्या गावांनी मिळून एकच बाई द्यायची, बिनविरोध, असं ठरत होतं. नावं दोन. एक आमची वहिनी. दुसरी एक डॉक्टरीणबाई, म्हणजे एका डॉक्टरांच्या बायको — गाव आमच्या शेजारचं, पण राहायला साताऱ्यात. बीए झालेल्या, बोलायला सुरेख. कौल द्यायचा होता सुभेदार तात्यांनी. तात्या माझ्या वडिलांच्या पलटणीतले, निवृत्त होऊन गावात आलेले, आणि त्यांचा शब्द सगळे मानायचे. आता वहिनीची चौकशी कुणाकडे करायची? घरातल्याच, पण शिकलेल्या, शहाण्या, जगाच्या चार गोष्टी कळणाऱ्या माणसाकडं.

तात्या सांगलीला माझ्या घरी आले.

रविवार होता. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या हॉलमध्ये आमच्या शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या — म्हणजे मुख्याध्यापिका. मी नवे कप काढले होते. ‘वाईला आमच्या घाटावर’ असं काहीतरी माझं चाललं होतं. तेवढ्यात दारात धोतर, कोट, डोक्याला पटका, आणि खणखणीत आवाज: ‘पोरी, हाईस का घरात?’

पोरी. मोठ्या बाईंसमोर.

त्या क्षणी मला तात्या दिसले नाहीत. त्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून यात्रेत फिरवलं होतं, ते आठवलं नाही. मला फक्त तो आवाज आमच्या सोफ्यावर येऊन बसताना दिसला. मी म्हणाले, आमच्या गावाकडचे आहेत. ‘आमच्या’ हा शब्द किती बारीक म्हणता येतो, ते त्या दिवशी कळलं.

तात्यांनी चहा बशीत ओतला. फुर्रकन प्यायले. मग म्हणाले, ‘एक इचारायला आलोय. तुझी वैनी कशी वाटती? सभेला बिभेला हुबी ऱ्हाईल का?’

तुम्ही माझ्या जागी असता तर? नाही, तुम्हाला कशाला विचारते. मीच होते तिथं.

मी म्हणाले, ‘वहिनी मनानं फार चांगली आहे हो तात्या. पण —’

एवढ्यावर थांबले असते तरी काम झालं असतं. सोयरीक मोडायला तेवढं पुरतं. पण मी थांबले नाही. मी उठले. पदर कमरेला खोचला. एक हात कंबरेवर ठेवला आणि मोठ्या बाईंकडं बघून वहिनीची नक्कल केली: ‘आवं सायेब, आमी अडानी मानसं. आमास्नी काय कळतंय? पर सांगून ठिवते, मी न्हाई म्हंजी न्हाई —’ मोठ्या बाई इतक्या हसल्या की त्यांच्या कपातला चहा साडीवर सांडला. मीही हसले. म्हटलं, तात्या, उद्या साहेब लोकांच्या मीटिंगमध्ये ही असं बोलायला लागली तर आपल्या गावाची काय शोभा राहील?

नक्कल फार चांगली झाली होती. का होणार नाही? ती भाषा माझीच होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी ती मोठ्यांदा बोलले, आणि बोलले ती कशासाठी, तर तिच्यावर हसायला.

तात्या हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली. पटका नीट केला. ‘बरं झालं, इचारलं,’ म्हणाले, आणि उठले.

डॉक्टरीणबाई बिनविरोध झाल्या.

त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. झेंडावंदनाला यायच्या, भाषण छान करायच्या. एकदा मी स्वतः ऐकलं, ‘ग्रामीण भगिनींच्या आशा-आकांक्षा’ असं काहीतरी होतं, मी भारावले. फक्त ओढा त्यांच्या वाटेत नव्हता. त्यांची गाडी पलीकडच्या रस्त्यानं यायची. साकव पाच वर्षांत झाला नाही.

आणि त्या पाच वर्षांत भावाची मुलगी — शकू — सातवी होऊन घरी बसली.

भाऊबीजेला गेले होते तेव्हा मला कळलं. मी काय केलं असेल? मी चिडले. मी मराठीची शिक्षिका, मुलींच्या शिक्षणावर दरवर्षी भाषण करणारी. मी म्हणाले, पोरीला घरी बसवलंत? केवढा हा मागासपणा. वहिनी दिवाळीच्या चकल्या डब्यात भरत होती. वर न बघता म्हणाली, ‘त्ये वड्याला सांगा, वन्सं.’

अजून एक आहे. आता काढलंच आहे तर सगळं काढते. शकूला मी सांगलीला आणू शकले असते. आमचं घर मोठं होतं, शाळा माझीच होती. माझ्या ओठांवर आलंही होतं. मग माझ्या डोळ्यांपुढं आलं — शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या बायकांसमोर, ही पोरगी लांबून मला हाक मारतेय, ‘आत्तीऽ, आगं आत्ती.’ आणि मी ओठ मिटले. चकली घेतली. छान झाल्यात म्हटलं.

त्याला भ्याडपणा म्हणतात. शुद्ध शब्द आहे, उच्चारही अवघड नाही. तरी इतकी वर्षं मला म्हणता आला नव्हता.

पुढची निवडणूक आली. जागा आता राखीव नव्हती. दोन पुरुष उभे होते, पक्षाचे. वहिनीनं कुणाला विचारलं नाही. स्वतःच मेढ्याला जाऊन अपक्ष म्हणून अर्ज भरून आली. चिन्ह मिळालं कपबशी. भावानं मला बोलावून घेतलं — मास्तरीण बहीण घरात आहे, जरा भाषणाचं बघ म्हणाला. मी तीन पानी भाषण लिहून नेलं. वहिनीनं पानं हातात घेतली, उलटीसुलटी केली, म्हणाली, ‘लय झ्याक हाय,’ आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिली. परत त्याला हात लावला नाही.

सभा देवळापुढं होती. मी मागं, बायकांत बसले होते. वहिनी उभी राहिली, माईक हातात धरला — आणि त्या आवाजाला माईकची गरज नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणाली, ‘मला भाशान येत न्हाई. मी साकव मागाय आलीया. मत दिलं तर बांधून घिईन. न्हाई दिलं तर हाय तशी मागत ऱ्हाईन. बसते.’

पुढच्या बाजूला विरोधकांचा एक दाढीवाला गडी बसला होता. त्यानं तिची नक्कल केली. ‘बसतेऽ’ असा लांब सूर काढला. लोक हसले. मी माझा हात पदराखाली घेतला. कारण नक्कल माझ्यापेक्षा वाईट होती, पण होती तीच. कंबरेवरचा हातसुद्धा तोच.

वहिनी बसता बसता थांबली. परत माईक घेतला. ‘आवाज झ्याक हाय रं तुजा. त्यांच्या जीपात कशाला खोकतूस? उद्यापास्नं आमच्या जीपात बस. भोंगा तुलाच देते.’ तो गडी लाजला. आणि ऐका — खरोखर आला. सबंध प्रचारात आमच्या जीपमध्ये बसून गावोगाव ओरडत फिरला, कपबशी, कपबशी. आणि जीपच्या पुढच्या सीटवर कोण? सुभेदार तात्या. पटका बांधून. मला बघितलं त्यांनी. बघितलं, आणि मान वळवली. फौजेतला माणूस. मरेपर्यंत त्यांनी माझं नाव फोडलं नाही. कधीकधी वाटतं, फोडलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी निवडून आली. पुढच्या वेळी परत आली, आणि तेव्हा सभापतीही झाली. साकव तर ती पहिल्यांदा निवडून आली त्याच वर्षी झाला. त्यावरनं शाळेला गेलेली पहिली मुलगी आमच्या घरातली नव्हती. शकूचं तोवर लग्न झालं होतं.

आता तुम्हाला वाटेल, मी वहिनीला देवी करून बसवणार. छे. ती भांडखोर होती. ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याशी तिनं दोन-दोन वर्षं अबोला धरला. पहिला डांबरी रस्ता तिनं स्वतःच्या माहेराला नेला, आणि वर म्हणाली, ‘मग काय शेजारनीच्या म्हायेराला नेऊ?’ मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना मिश्रीची डबी काढायची. आणि आता म्हातारपणी मी उलटं खूळही घेणार नाही, की ‘हाय-न्हाई’ बोलणारं माणूस म्हणजे सोनं. ‘हाय’ म्हणणारे चोर मी पाहिलेत, ‘आहे’ म्हणणारेही पाहिलेत. चोरी दोन्ही बोलीत होते. मी फक्त एकाच बोलीला नापास करत होते, एवढंच.

पण मला तिचा अभिमान आहे. सांगू नये इतका आहे. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर ती दिवसभर बसली होती, आणि संध्याकाळी साहेब बाहेर पडताना म्हणाली, ‘सायेब, तुमी जावा घरी. आमी हितंच हाय, उद्या भेटू’ — हे मी सांगलीत किती जणांना सांगितलं असेल. मोठ्या बाईंना तर दोनदा. ‘माझी वहिनी सभापती आहे,’ असं मी म्हणायला लागले. कुठल्या? ‘मेढ्याच्या पलीकडे, आमची वाडी आहे.’ बघा कशी मी. वहिनी सभापती झाली तेव्हा कुठं मी मेढ्याची झाले. अभिमान घ्यायला सगळ्यात पुढे, आणि मूळ गोष्ट सांगायला?

वाडीत तिचा सत्कार झाला. मी गेले होते. वहिनीनं हार काढून ठेवला आणि माइकवर म्हणाली, ‘आमच्या वन्सं शिकल्या म्हनून आमास्नी हुरूप आला.’ आणि माझ्याच खांद्यावर शाल घातली. नारळ दिला. सगळी वाडी टाळ्या वाजवत होती. मी हात जोडून उभी राहिले. शाल घेतली. पुढं दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तेही बोलले — आश्वस्त वगैरे. तेव्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ती शाल आजही कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. थंडीत सून म्हणते, आई, ती जांभळी शाल घ्या की. मी म्हणते, ती उष्ण पडते.

आता शेवटचं वळण.

परवा-परवा महापालिकेची निवडणूक होती. आमच्या अपार्टमेंटमधल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर एक व्हिडिओ आला. आमच्याच वॉर्डातली एक उमेदवार, हळदीच्या बाजारात काम करणाऱ्या घरातली. हातात माईक, ‘आमी आलो तर गटार पैलं करणार बगा’ म्हणतेय. खाली हसणारी तोंडं. पिवळी, डोळ्यांतून पाणी येणारी, रांगेनं. एकीनं लिहिलं होतं, हिला मत द्यायचं? ही बोलणार सभागृहात? माझ्या सुनेनंही एक हसरं तोंड टाकलं होतं. तिला कशाला नावं ठेवू? माझ्याच घरात शिकली ती.

मी चष्मा लावला. काहीतरी छान, प्रमाण मराठीत लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून पुसल्या. मग ते माईकचं चिन्ह दाबून धरलं आणि बोलले. ‘आवं बायांनो, आमी बी आशाच हसत व्हतो कवातरी. मी मेढ्याच्या पल्याडची हाय. आमच्या घरात आसंच बोलत्यात. मत कुनालाबी द्या, पर गटाराचं इचारून द्या. बोलन्याचं काय घिऊन बसलाय.’

बोट सोडलं. गेलं.

संध्याकाळी नात आली, फोन कानाला लावून परत परत ऐकत होती. म्हणाली, आज्जी, हा कुणाचा आवाज आहे? म्हटलं, माझा. तिला खरं वाटेना. छाती इतकी भरून आली माझी, की काय सांगू. ‘हाय’ असं मी इतकं स्पष्ट कधीच म्हटलं नव्हतं, घाटावरसुद्धा नाही.

पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं — हे तर परत भाषणच झालं. परक्या बाईसाठी बोलले. जिला सांगायचं, तिला कुठं सांगितलंय?

दुसऱ्या दिवशी एसटी धरली. सांगली ते सातारा, साताऱ्याहून मेढा, तिथून जीप. साकवावरनं चालत गेले. कठड्याला हात लावत.

वहिनी अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशी उलटली तिची. कान जरा कमी झालेत, आवाज नाही. मी समोर बसले. मीही शेंगा घेतल्या. आणि सांगितलं. तात्या आले होते तिथपासून. मोठ्या बाई, नवे कप, ‘पण’, कंबरेवरचा हात — सगळं. तिला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या अंगणातही गेलं असणार. शकूचंही सांगितलं, चकलीचंही. माफ कर असं म्हटलं नाही. ते मागायचं नव्हतं मला.

वहिनीचे हात थांबले नाहीत. दोन शेंगा किडक्या निघाल्या, त्या तिनं बाजूला टाकल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली:

‘वन्सं, तुमच्या सोयरिकीच्या टायमाला सांगलीच्या पावन्यांनी मला गोठ्यामागं न्हिऊन इचारलं व्हतं, पोरगी कशी हाय म्हनून. मी म्हनले, बोलाय लय ग्वाड हाय. त्यास्नी तेवढ्यातच पटलं. म्होरचं, भाकरीचं, कुनी इचारलं न्हाई, म्हनून मी बी गप ऱ्हायले.’